अडीचशे डबे आणि न मोजलेले तास : इंदूरच्या एका फराळ व्यवसायाचं प्रकरण

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. शनिवारी सकाळी ओळखीतले छोटे धंदेवाले वह्या घेऊन घरी येतात, चहा होतो, हिशेब होतो. त्यातलंच हे एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गल्ली, घरातले तपशील आणि ऑर्डर देणाऱ्या कचेरीचा प्रकार बदलला आहे. आकडे वहीतलेच आहेत, फक्त पूर्णांकात आणलेले. ज्यांचं हे प्रकरण त्यांना इथे नुसतं ‘ताई’ म्हणतो.

पार्श्वभूमी

ताई लोकमान्यनगरच्या बाजूला राहतात. २०१६ साली यजमानांची नोकरी सुटली आणि गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर त्यांनी भाजणीची चकली ठेवली. दोन तासांत संपली. तिथून सुरुवात. वर्षभर मेतकूट, भाजणी, सणावाराला पुरणपोळी, आणि दिवाळीत फराळ. वर्षाच्या विक्रीतला निम्म्याहून जास्त भाग दिवाळीच्या त्या दोन आठवड्यांचा. मदतीला पहिल्या वर्षापासून एक मावशी. अन्नसुरक्षेची नोंदणी होती (तेव्हा वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असली की छोटी नोंदणी चालायची, फी वर्षाला १०० रुपये), छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही भाच्याने करून दिली होती. कागदाच्या बाबतीत ताई अनेक मोठ्या दुकानदारांपेक्षा नीट.

इंदुरात फराळ विकणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. या गावात शेव कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, नमकीनच्या दुकानात लवंगी, लसणी, रतलामी असे ढीग असतात, आणि रात्री अकराला सराफा बाजारात उभं राहून लोक खातात. इथे कोणी शेवेसाठी ताईंकडे येत नाही. लोक येतात ते चकलीसाठी, अनारशांसाठी, चिरोट्यांसाठी; बाजारात जे धड मिळत नाही त्यासाठी. ही गोष्ट ताईंना माहीत होती, मलाही माहीत होती. तरी डब्यात आठ वर्षं शेव होतीच, कारण फराळाच्या ताटात शेव असते.

डबा १ किलो ६०० ग्रॅमचा : चकली ३००, चिवडा ४००, शेव ३००, शंकरपाळी ३००, बेसनाचे लाडू ३००. २०२३च्या दिवाळीत असे १३० डबे गेले, शिवाय सुटी चकली आणि १५ किलो अनारसे.

पुढच्या उन्हाळ्यात ताई एका उद्योजकता शिबिराला गेल्या होत्या. तिथे प्रत्येकीला कार्डावर वर्षाचं ध्येय लिहायला सांगितलं. ताईंनी ‘दुप्पट’ लिहिलं आणि कार्ड देवघराच्या बाजूला चिकटवलं. अशा शिबिरांची मी टिंगल करत नाही. सासरच्या माणसांनी ‘डबे विकते’ म्हणून ज्यांना वर्षानुवर्षं हिणवलं, त्यांना टाळ्या वाजवणारी खोली एकदा तरी मिळायला हवी. पण ताईंकडे उत्साहाची टंचाई कधीच नव्हती. आजवर माझ्याकडे आलेल्या धंदेवाल्यांत उत्साह कमी पडून बुडालेला मला एकही आठवत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२४च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका खाजगी कचेरीतून फोन आला. कर्मचाऱ्यांना दिवाळीला २५० डबे द्यायचे आहेत, ८५० रुपयांनी द्याल का, २५ ऑक्टोबरला पोचले पाहिजेत. फोन तीन मिनिटं चालला. ताईंचे शब्द : “काका, मी तर हो म्हणून दिलं. दुप्पट लिहिलंच होतं ना.” मागून मेल आला. त्यात भाव पक्का, तारीख पक्की, आणि पैसे माल पोचल्यावर ४५ दिवसांनी. उचल शून्य.

ताईंचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर होता. सामान ४१०, खोका आणि पिशव्या ५५, गॅस २५, मिळून डब्याला ४९०. हातात ३६० राहतात. अडीचशे डब्यांचे ९०,०००. त्या आकड्याभोवती पेनने दोनदा गोल केला होता.

गणपती बसले ७ सप्टेंबरला. १४ तारखेपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण भार ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर, रिफाइंडवरचा १३.७५ वरून ३५.७५ वर. माळव्यात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं, शेतकरी रस्त्यावर होते, त्यामुळे या निर्णयाची कोणाला फार नवलाई वाटली नाही. पण सियागंजच्या ठोक बाजारात १५ किलोच्या डब्यामागे भाव बघता बघता साडेतीनशेने चढला. २१ सप्टेंबरच्या शनिवारी ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची झोप उडालेली होती. “तेलाने मारलं, काका.”

पहिला निर्णय, आणि माझी चूक

इथे मी चुकलो. पेपरात तेल, बाजारात तेल, शेजारच्या हलवायाच्या तोंडी तेल. मीसुद्धा तेलच घेऊन बसलो. कचेरीला पत्र लिहा, शुल्कवाढीचा संदर्भ द्या आणि डब्यामागे ४० रुपये वाढवून मागा, असं मी सांगितलं. पत्राचा मसुदाही करून दिला. उत्तर दोन ओळींचं आलं : मंजुरी झालेली आहे, भाव बदलता येणार नाही. त्यात आठवडा गेला, आणि समोरच्या माणसाच्या मनात ‘ही बाई आत्ताच कुरकुर करते’ अशी नोंद झाली ती वेगळीच.

पुढच्या शनिवारी, २८ तारखेला, मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. डब्यात तेल जातं किती, ते विचारलं. तळलेला माल १ किलो ३०० ग्रॅम. मालात मुरणारं आणि कढईत उरून टाकावं लागणारं तेल धरून ताईंच्या अंदाजाने डब्याला ४०० ग्रॅम. किलोमागे वाढ सुमारे २३ रुपये. म्हणजे डब्याला दहा रुपयेही नाहीत. अडीचशे डब्यांचे धरून चला २,५००.

दोघंही गप्प बसलो. अडीच हजारांसाठी एक आठवडा घालवला होता.

मग मी विचारलं, की हे डबे करणार कोण?

वहीच्या मागच्या पानावर सामान होतं, खोका होता, गॅस होता. माणूस नव्हता. मावशींना दरवर्षी हंगामाचे ६,००० आणि साडी असं ठरलेलं, म्हणून त्यांचे पैसे ‘घरखर्चात’. ताईंचे स्वतःचे तास तर कुठेच नाहीत. आम्ही बसून पदार्थागणिक वेळ काढला. चकलीला सर्वांत जास्त. एक पाडते, एक तळते, तेव्हा तासाला दोनच किलो निघते, कारण कढईत एका वेळी मावतात किती आणि बुडबुडे शांत होईपर्यंत थांबावं लागतं ते वेगळं. लाडवाचं बेसन भाजणं, वळणं, शंकरपाळी लाटणं-कापणं, भरणं, वजन, चिकटपट्टी. सगळं धरून एका डब्याला एका बाईचा एक तास वीस मिनिटं.

अडीचशे डबे म्हणजे ३३३ तास.

दसरा १२ ऑक्टोबरला. त्याआधी तळलेला माल दिवाळीपर्यंत ताजा राहत नाही. १२ ते २४ असे तेरा दिवस. दोघी बायका, रोज नऊ तास, म्हणजे २३४ तास. आणि हे २३४ तास गेल्या वर्षी नेहमीच्या गिऱ्हाइकांतच संपले होते. शेवटचे दोन दिवस तर पहाटे चारपर्यंत जागून. म्हणजे भरलेल्या घरात ३३३ तासांचा पाहुणा यायचा होता आणि आम्ही तेलाच्या डब्याकडे बघत होतो.

समोर असलेले पर्याय

ऑर्डर सोडून देणं. हा पर्याय ताईंनी ऐकूनही घेतला नाही. मीही जोर लावला नाही. लेखी होकार गेला होता.

ऑर्डर कमी करणं. मी १८० सुचवले. माझं म्हणणं असं, की कचेरीला आत्ता सांगितलं तर त्यांना दुसरीकडून ७० डबे मिळवायला महिना आहे. ताईंना हे पटलं नाही, आणि कारण हिशेबाचं नव्हतं. २५० हा आकडा घरात सगळ्यांना सांगून झाला होता. नणंदेला सांगितला होता. मी इथे जास्त ताणायला हवं होतं असं आज वाटतं, पण माणसाच्या आयुष्यातला पहिला मोठा आकडा त्याच्या हातून काढून घेणं बँकेतल्या टेबलामागून जितकं सोपं असतं, तितकं समोर बसून नसतं.

बायका लावणं. पितृपक्ष चालू होता, तो २ ऑक्टोबरला संपणार आणि ३ ला घटस्थापना. पितृपक्षात दिवाळीच्या कामाला हात लावायला कोणी तयार होत नाही, नवरात्रात अर्ध्या बायका उपासाच्या आणि देवीच्या गडबडीत. तरी भजनी मंडळातून शोधता आल्या असत्या. रोज ६०० पडणार होते. पण शेव पाडणाऱ्या बाया इथे पुष्कळ. भाजणीची उकड ओळखणारी, सोऱ्यातून तुकडा न पडता चकली उतरवणारी मिळणं कठीण.

डबा बदलणं. हा पर्याय सर्वांत उशिरा आला आणि तोच खरा होता. ताई म्हणाल्या, शेव-चिवडा बाहेरून घेतला तर वेळ वाचेल, पण मग ‘घरगुती’ कसं म्हणायचं? यावर आमचा बराच वेळ गेला. मोकळी शेव आणून आपल्या पिशवीत भरणं सोपं होतं आणि बाजारात ते सर्रास चालतं. मला ते नको होतं, ताईंना तर मुळीच नको होतं. ठरलं असं, की कचेरीलाच सरळ विचारायचं : शेव आणि चिवडा ज्याने केला त्याच्याच बंद पाकिटात घातला तर चालेल का?

आणखी एक फाटा मध्येच निघाला आणि मिटला. पुण्या-बंगलोरला गेलेल्या मुलांसाठी तीसेक डबे कुरिअरने पाठवायचं ताईंच्या मनात होतं. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर विक्री कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ४० लाखांची सूट फक्त राज्यातल्या विक्रीला. त्या वर्षी ते सोडून दिलं. ज्यांना पाठवायचे होते त्यांनी इथून विकत घेऊन आपल्या नावाने कुरिअर केले.

काय केलं

सोमवारी, ३० सप्टेंबरला, ताई स्वतः कचेरीत गेल्या. फोन नाही, मेल नाही. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने शेवेचा प्रश्न ऐकून जे उत्तर दिलं ते ताईंनी मला जसंच्या तसं सांगितलं : “भाभीजी, सेव तो कहीं की भी चलेगी। चकली आपकी चाहिए।”

या एका वाक्याची किंमत ९२ तास होती. शेव आणि चिवडा गेल्यावर डब्यामागे २२ मिनिटं वाचली. उरले २४१ तास, म्हणजे तीन बायकांचे नऊ दिवस. हेच वाक्य ऑगस्टमधल्या त्या तीन मिनिटांत मिळालं असतं, फक्त ‘डब्यात तुम्हाला नक्की काय हवंय’ एवढं विचारायला हवं होतं. आणि तेव्हा भावही त्याप्रमाणे ठरला असता.

त्याच बैठकीत उचलीची गोष्ट झाली. सामानालाच सव्वा लाखाच्या आसपास लागणार होते. ताईंच्या डोक्यात पाटल्या गहाण टाकायचं होतं; मुद्राचं कर्ज दिवाळीआधी हातात पडेल याची मला खात्री नव्हती. निम्मी उचल मागितली, ४० टक्के मिळाली : ८५,०००. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं २००६चा कायदा सांगतो. आणि २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की ते वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. ताईंनी उद्यम नोंदणीची प्रत मेलसोबत जोडली, एवढंच. कायदा तोंडाने बोलून दाखवायची गरज पडली नाही. बाकीचं सामान सियागंजातल्या जुन्या दुकानदाराने उधारीवर दिलं.

तीन बायका मिळाल्या. एक अनुभवी, दोन नवख्या. माझं म्हणणं होतं की नवरात्रातच पाच किलोचा एक घाणा सगळ्यांनी मिळून काढावा, म्हणजे कोणाचा हात कुठे बसतो ते कळेल. तो निघाला नाही. आधी पितृपक्ष, मग अष्टमी, मग साखर संपली.

१२ तारखेला भट्टी पेटली. एक जादा भट्टी भाड्याने आणली. पहिले पाच दिवस नवख्या दोघींच्या चकल्या निम्म्या मोडत होत्या आणि त्या पुन्हा मळून घेतल्या जात होत्या, म्हणजे कागदावरचे नऊ दिवस प्रत्यक्षात सातच. २० तारखेला ताईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी २२ जणांना फोन करून ‘यंदा जमणार नाही’ सांगितलं. अनारसे रद्द केले. हा निर्णय त्यांनी मला न विचारता घेतला.

निकाल

२५ ऑक्टोबरला १९० डबे पोचले. ६० राहिले, ते २८ ला, वसुबारसेला गेले. लक्ष्मीपूजन ३१ चं की १ तारखेचं यावर त्या वर्षी पंचांगांत एकमत नव्हतं, त्या घोळात तीन दिवसांचा उशीर कचेरीला फारसा टोचला नाही. नशीब म्हणावं लागेल.

पण त्या ६० डब्यांतली चकली मऊ निघाली. कारण साधं होतं. घाईत आच मोठी ठेवली, वरून रंग आला आणि आत ओल राहिली; शिवाय पूर्ण गार न होताच पिशव्या बंद झाल्या. तक्रारी वीसेक जणांच्या आल्या. ताईंनी साठही डब्यांची चकली, १८ किलो, पुन्हा करून दिली, भाऊबीजेनंतर. कोणी मागितलं नव्हतं.

बाकीचे पैसे ३८व्या दिवशी आले. हिशेब असा : डब्यामागे वाढलेले २५ रुपये (तेल, आणि तयार शेव-चिवड्याचा फरक) म्हणजे ६,२५०, नव्या बायकांचा रोज आणि जादा तासांचे मिळून १८,६००, बदलून दिलेली चकली ५,०००, भट्टीचं भाडं १,५००, टेम्पो १,२००, आणि मावशींचे १,८००, ज्यांचं पुढे सांगतो. नव्वद हजारांतून ३४,३५० गेले, राहिले ५५,६५०. ताईंच्या स्वतःच्या तासांचा रोज यात धरलेला नाही.

त्या २२ गिऱ्हाइकांपैकी पुढच्या वर्षी नऊ परत आले. रामबागेतल्या एक आजी दरवर्षी दोन किलो अनारसे घ्यायच्या. त्या परत आलेल्यांत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवरचा होकार एक दिवस पुढे ढकलता आला असता, हे तर आलंच. ‘उद्या सांगते’ म्हटल्याने ऑर्डर गेली असती असं मला वाटत नाही. अडीचशे डबे करणारी माणसं शहरात ढिगाने नाहीत. तारीख एक नको, दोन हव्या होत्या, करारातच. म्हणजे २८ ची गाडी उशिराची ठरली नसती.

चाचणीचा घाणा मी सुचवून सोडून दिला. तो श्रावणातच निघायला हवा होता, पण श्रावणात माझा या प्रकरणाशी संबंधच आला नव्हता. हे खरं असलं तरी थोडी पळवाटच आहे. नवरात्रातही पाच किलो निघाले असते, मी दोनदा फोन केला असता तर.

ऑर्डर १८० वर आणण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. साठ डबे बिघडले नसते आणि जुनी गिऱ्हाइकं सुटली नसती. ताईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, अडीचशे केले नसते तर आपल्या हाताखाली चार जणी काम करू शकतात हे कधी कळलंच नसतं. यावर आमचं जमलेलं नाही.

आता मावशी. २८ सप्टेंबरच्या शनिवारी मावशी ताईंबरोबर आल्या होत्या, पिशव्या उचलायला म्हणून. आम्ही तासांचा हिशेब मोठ्याने करत होतो आणि त्या दाराशी बसून ऐकत होत्या. तेरा दिवस, रोज नऊ तास, एकीचे ११७, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी तिथूनच विचारलं, “म्हणजे माझे एकशे सतरा झाले ना, काका?” झाले. सहा हजार भागिले ११७, तासाला ५१ रुपये. नव्या येणाऱ्या बायकांना ६०० रोज, म्हणजे तासाला ६६ च्या वर. आठ वर्षं हात देणारी बाई, जिच्या चकलीमुळे फोन येतात, ती सर्वांत स्वस्त. हे कोणी लबाडीने केलं नव्हतं. मोजलंच नव्हतं. ताईंनी त्या दिवशी काही म्हटलं नाही, पण हंगाम संपल्यावर १,८०० जास्तीचे दिले. साडी वेगळी.

२०२५ च्या दिवाळीआधी तीच कचेरी परत आली, ३०० डब्यांसाठी. ताईंनी १५० घेतले, डब्यात फक्त चकली, शंकरपाळी, लाडू आणि अनारसे. वहीच्या पुढच्या पानावर आता आधी तास येतात, मग सामान. मावशींनी मात्र रोज नको म्हणून सांगितलं. डब्यामागे पैसे ठरवा. मी विरोध केला. एखाद्या वर्षी ऑर्डर कमी आली तर नुकसान त्यांचं, रोजंदारीत निदान दिवस पक्का असतो, असं समजावलं. मावशी सोऱ्या पुसत होत्या. म्हणाल्या, “काका, ऑर्डर कमी आली तर तासही कमीच लागतील ना.”